ही गोज, तो जास

चौतीस वर्षं मी पाटबंधारे खात्यात इंग्रजी लिहिलं. वरून इंग्रजीत पत्र आलं की आमचे कार्यकारी अभियंता चष्मा काढून म्हणायचे, "पितांबरला बोलवा." त्यामुळे आपल्याला इंग्रजी येतं, असा माझा समज होता आणि निवृत्तीनंतरही तो मी नीट सांभाळून ठेवला होता. तो मोडायचं काम माझ्या घरातल्याच माणसानं केलं. त्याची ही हकिकत.

सुरुवात एका सर्वेक्षणानं झाली. जळगावात आमच्या कॉलनीत एक मुलगी टॅब घेऊन घरोघर फिरत होती. मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कुटुंबप्रमुखाला शोभेल अशा आवाजात उत्तरं द्यायला लागलो. माझं शिक्षण बी.कॉम. "आणि काकूंचं?" मुलीनं विचारलं. मी म्हणालो, "तिचं काय, लिहा नववी नापास."

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं. मोहिनी पिठाच्या हातानं बाहेर आली. आमची मोहिनी साक्री तालुक्यातली. लग्न होऊन जळगावला आली तेव्हा तिच्या तोंडात अहिराणीशिवाय दुसरी भाषा नव्हती. सरकारी वसाहतीत बरं दिसत नाही म्हणून मी तिला शुद्ध बोलायला लावलं, आणि ती बोलायला लागलीही. अहिराणी तिनं फक्त रागासाठी राखून ठेवली होती.

"बठ्ठं तुमीच सांगतस!" ती म्हणाली. "मले तोंड शे. नववी पास शे मी. पहिला नंबर व्हता मना."

मुलीनं मुकाट्यानं 'नापास' पुसून 'पास' केलं. मग मोहिनी माझ्याकडे न बघता त्या मुलीला म्हणाली, या वेळी शुद्ध मराठीत, "आणि पुढच्या वर्षी आलीस तर दहावी लिहायला ये."

तीस वर्षांच्या संसारात बायकोचा नववीत पहिला नंबर आला होता, हे मला टॅबवाल्या मुलीसमोर कळलं. अशा वेळी शहाण्या माणसानं गप्प बसावं. मी म्हणालो, "इंग्रजी माझ्याकडे लागलं."

बातमी कॉलनीत पसरायला दूधवाल्याची एक फेरी पुरते. दुसऱ्या दिवशी समोरचे धनसिंगभाऊ आले. ते एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते आणि अजूनही प्रत्येक गोष्टीची वेळ आणि फलाट सांगतात. "नाना," ते म्हणाले, "इंग्रजीचं एकच गुपित. रोज सकाळी साडेपाचला उठायचं आणि इंग्रजी बातम्या लावायच्या. समजल्या नाहीत तरी लावायच्या. कानात बसतात." आम्ही आठ दिवस लावल्या. कानात काही बसलं नाही, पण वरच्या मजल्यावरून निरोप आला की आवाज कमी करा.

खरी मदत शेजारच्या जुबेदाताईंची झाली. त्या घरी पिको-फॉल आणि ब्लाउज शिवतात. त्यांची मुलगी कशिश बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. जुबेदाताई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "मोहिनीताई, तुम्ही एकट्या बसणार परीक्षेला? मी पण आठवी पास आहे. दोघी बसू. नापास झालो तर दोघी मिळून तोंड लपवू."

अशा रीतीनं माझ्या वर्गाची पटसंख्या दुप्पट झाली. संध्याकाळी पाच ते सहा, आमची गॅलरी. पहिला धडा, साधा वर्तमानकाळ. तो अगदीच किरकोळ आहे, दोन दिवसांत उरकू, असं मी जाहीर केलं.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर वाक्य लिहिलं आणि माझं मलाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आयुष्यभर मी 'असे निदर्शनास आणून देण्यात येत आहे' याचं इंग्रजी लिहिलं. आमच्या पत्रांत कोणी काही करत नसे, सगळं आपोआप केलं जात असे. 'ती चहा पिते' हे वाक्य चौतीस वर्षांत कधी जावक झालेलंच नव्हतं. मी लिहिलं, 'शी ड्रिंक टी.'

"ड्रिंक्स, नाना," शिवणयंत्राची बॉबिन कुठे ठेवली ते आईला विचारायला आलेली कशिश सहज म्हणाली आणि निघून गेली.

"तेच सांगणार होतो," मी म्हणालो आणि एक एस जोडला. पण तो बाकीच्या अक्षरांपेक्षा मोठा आला हे दोघींनीही पाहिलं.

आता हा एस कुठे लावायचा आणि कुठे नाही, हे सांगणं आलं. आय ड्रिंक, यू ड्रिंक, दे ड्रिंक, पण ही ड्रिंक्स. का? जुबेदाताईंनी विचारलं. मी म्हणालो, नियम आहे. त्या म्हणाल्या, नियम आहे हे कळलं, पण का? कार्यालयात मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यात मोहिनीची अडचण वेगळीच. मी तिला म्हटलं, माझ्याविषयी एक वाक्य कर. तिनं लिहिलं, 'माय हजबंड ड्रिंक टी. दे गो टू मार्केट.'

"दे कुठून आलं?"

"मग काय, ही लिहू? ही म्हणजे तो. नवऱ्याला तो कसं म्हणायचं? ते पितात. ते बाजारात जातात. सगळं बरोबर आहे."

खरं सांगायचं तर हे चूक म्हणायला माझी जीभ उचलेना. मान कोणाला नको असतो? मी दोन दिवस तसंच चालू दिलं. तिसऱ्या दिवशी कशिशनं वही पाहिली आणि हसत हसत म्हणाली, "काकू, इंग्रजीत कितीही मोठा माणूस असला तरी एकटा तो एकटाच. इंग्रजीतला नवरा एकवचनी असतो."

"मग इंग्रज बायकांचं बरं आहे," जुबेदाताई म्हणाल्या, आणि त्या दिवशीचा वर्ग तिथेच आटोपला.

तिकडे सतरा नंबरच्या फॉर्मचं प्रकरण सुरू झालं होतं. बाहेरून दहावीला बसायचं तर हा फॉर्म ऑनलाइन भरायचा आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला जोडायचा. जुबेदाताईंचा दाखला त्यांच्या कपाटात, शिलाई मशीनच्या वॉरंटी कार्डाखाली, जसाच्या तसा निघाला. मोहिनीचा दाखला तिच्या माहेरच्या शाळेत. शिवाय आधारवर तिचा जन्म एक जानेवारीचा, आणि शाळेच्या वहीत एक जूनचा असणार हे नक्की, कारण त्या पिढीत निम्मा गाव एक जूनला जन्मला. म्हणजे प्रतिज्ञापत्र आलं.

प्रतिज्ञापत्रासाठी मी एका कचेरीत गेलो. कोणती ते सांगत नाही, कारण माझ्या ओळखीचे लोक अजून तिथे आहेत. खिडकीतला माणूस म्हणाला, "साहेब सोमवारी बसतात." मी सोमवारी गेलो. साहेब नव्हते.

"तुम्हीच म्हणालात ना, सोमवारी बसतात?"

"बसतातच की," तो शांतपणे म्हणाला. "आज नाही बसले."

मी बाकावर बसलो आणि माझ्या लक्षात आलं की हे वाक्य मी स्वतः हजारो लोकांना ऐकवलं आहे. साहेब सोमवारी बसतात. अर्जावर कार्यवाही होते. पत्र पोस्टानं जातं. यातलं काहीही खोटं नव्हतं, फक्त त्यात आजचा दिवस नव्हता. साधा वर्तमानकाळ म्हणजे नेहमी काय होतं ते सांगणारा काळ. आत्ता काय होतंय याची तो जबाबदारी घेत नाही. सरकारनं हाच काळ का निवडला, ते मला त्या बाकावर कळलं. संध्याकाळी मी हे वर्गात सांगितलं. मोहिनीनं वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "मग सही मिळाली का?" नव्हती मिळाली. चौथ्या सोमवारी मिळाली.

मग आम्ही दाखल्यासाठी धुळ्यामार्गे तिच्या गावी गेलो. शाळेचे लिपिक तरुण होते. त्यांनी जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली, बोट फिरवत थांबले आणि मोठ्यानं वाचलं, "मोहिनी उखर्डू. नववी उत्तीर्ण. वर्गात पहिली. वर्तणूक उत्तम. शाळा सोडण्याचं कारण..." ते क्षणभर घुटमळले. "कारण, नदीपलीकडे दहावीचा वर्ग."

एवढंच. शाळा नववीपर्यंत होती. दहावी पलीकडच्या गावात, मध्ये पांझरा. मुलं जात, मुलीला कोण पाठवणार?

मोहिनी रजिस्टरवर वाकून आपलं नाव बघत होती. बोट लावलं नाही, पण चेहरा इतका जवळ नेला की लिपिकांनी रजिस्टर तिच्याकडे वळवून दिलं. मी खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं. दारापाशी जाऊन उभा राहिलो. तीस वर्षं मी हिला शुद्ध बोलायला शिकवत होतो.

परतताना धुळ्याच्या बसस्थानकावर जळगावची गाडी लागायची होती. माझ्या पिशवीत दाखला, तीन झेरॉक्स आणि व्याकरणाचं पुस्तक. मी म्हटलं, वेळ आहे तर उजळणी करू. ही गो का ही गोज? मोहिनी म्हणाली, डोकं दुखतंय. शेजारी एक म्हातारी गाठोडं घेऊन बसली होती. दोघींच्या गप्पा सुरू झाल्या. म्हातारी सांगत होती, "मना आंडोर सुरतले राहस. मिलमा काम करस. दिवाळीले येस. रोज फोन करस, माय जेवनी का म्हणी इचारस."

मोहिनीनं एकदम माझा दंड धरला.

"अहो! राहस. करस. येस. इचारस."

"मुलाचं सांगतेय ती. सुरतला आहे."

"ते मला कळतं! एस बघा ना. बठ्ठ्यास्ना शेवटले स शे. तो जास, ही गोज. तो करस, ही डझ. ती खास, शी ईट्स. हे तर मला पहिल्यापासून येतं!"

मी पुस्तक हातात धरून बसलो. पंचावन्न पानांच्या त्या पुस्तकात जे नव्हतं ते म्हातारीच्या गाठोड्याशेजारी सापडलं होतं. जी भाषा मी घरातून काढायला लावली, तिच्यात तो एस जन्मापासून ऐटीत बसला होता. मोहिनी म्हातारीला म्हणाली, "माय, तुम्ही इंग्रजी बोलतस!" म्हातारी इतकी हसली की तिला खोकला आला. गाडी लागली तरी दोघी हसत होत्या. धनसिंगभाऊंच्या भाषेत सांगायचं तर आमची गाडी त्या दिवशी योग्य फलाटावर लागली.

जळगाव येईपर्यंत मोहिनीनं खिडकीतून दिसेल त्याला एस लावला. शेतकरी नांगरस, बैल चालस, कंडक्टर ओरडस. प्रत्येकाचं इंग्रजी तिला हवं होतं. 'नांगरणे'ला इंग्रजी शब्द मला येत नव्हता. मी झोपेचं सोंग घेतलं.

अर्थात एक घोटाळा झालाच. अहिराणीत मीसुद्धा जास आणि तूसुद्धा जास. त्यामुळे दुसऱ्या दिवशी मोहिनीनं वर्गात ठणकावलं, "आय गोज." मी पुन्हा नियम सांगायला लागलो तेव्हा जुबेदाताईंनी मला हातानं थांबवलं. "नाना, मी सांगू? आय आणि यू म्हणजे समोरासमोर बसलेल्या आपण दोघी. आपल्याला कशाला काय लावायचं? जो इथे नाही, एकटाच कुठेतरी गेलाय, त्याला सोबतीला एस द्यायचा. ते बरेच जण असले तर त्यांची एकमेकांना सोबत असते, मग नको."

मी खडू खाली ठेवला. हा नियम चुकीचा आहे असं मला कोणत्याही पुस्तकातून दाखवता आलं नसतं. त्या दिवसापासून मोहिनीचं 'आय' कधी चुकलं नाही. आणि त्याच दिवसापासून वर्ग कशिश घ्यायला लागली. मला कोणी काढलं नाही. फक्त एके संध्याकाळी मी पाच वाजता गॅलरीत गेलो तर माझ्या खुर्चीत कशिश बसली होती, आणि मोहिनी म्हणाली, "तुम्ही चहा ठेवता का जरा?"

मी चहा ठेवला. दुखावलेल्या माणसाच्या चहात साखर कमी पडते. तिघींनीही तो तसाच प्यायला.

मग वर्षभर माझं काम ठरलं. जवळच्या शाळेतून जुन्या प्रश्नपत्रिका आणणं, झेरॉक्सच्या दुकानात थांबणं, बाहेरून बसणाऱ्यांसाठी ठरलेल्या संपर्क केंद्राच्या शाळेबाहेर थांबणं, प्रात्यक्षिकाच्या दिवशी प्रयोगशाळेबाहेर थांबणं. दोघी आत, मी बाहेर. नोकरीत असताना माझ्या टेबलासमोर लोक थांबायचे आणि मी मान वर करत नसे. थांबणं हे एवढं लांब असतं, याची मला कल्पना नव्हती.

मार्चमध्ये परीक्षा आली. इंग्रजीच्या पेपरला काही गडबड नको म्हणून मी आधल्या दिवशी केंद्र बघून आलो. गेटचा रंग, रिक्षाचं भाडं, पाण्याचा माठ, सगळं टिपून आणलं. सकाळी दहाला दोघींना घेऊन तिथे पोहोचलो. गेटवर चार-पाच वर्षांची मुलं बडबडगीतं म्हणत होती.

"ही तर बालवाडी आहे," जुबेदाताई म्हणाल्या.

संस्था एक होती, शाळा दोन होत्या. हायस्कूल होतं थेट महामार्गापलीकडे. मी हॉल तिकीट काढून बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. पत्ता ठळक अक्षरात छापलेला होता. चौतीस वर्षं कागद वाचून जगलेला मी!

दोघींनी मला एक शब्दही ऐकवला नाही, हेच फार लागलं. रिक्षा केली. महामार्गावर केळीच्या ट्रकांची रांग. मोहिनी डोळे मिटून पुटपुटत होती, "तो जास, ही गोज, तो करस, ही डझ." रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "काका, ताईंना बरं वाटत नाही का?" मी म्हणालो, "दहावीला आहे." त्यानं पुढचं सगळं हॉर्नवर काढलं. दहा मिनिटं शिल्लक असताना आम्ही गेटवर पोहोचलो. जुबेदाताईंनी बुरखा सावरत मोहिनीचा हात धरला आणि दोघी शाळेच्या पोरींसारख्या धावत आत गेल्या. मोहिनीची एक चप्पल गेटातच राहिली. पहारेकऱ्यानं ती उचलून पलीकडे फेकली आणि तिनं ती न वळता पायात सरकवली.

गेटबाहेर पालकांची गर्दी होती. डबे, पाण्याच्या बाटल्या, नवस. पहारेकऱ्यानं मला विचारलं, "मुलगा का मुलगी?"

"बायको," मी म्हणालो.

आजूबाजूच्या माना माझ्याकडे वळल्या. मग एका बाईनं आपल्याजवळची सतरंजी थोडी सरकवली आणि म्हणाली, "बसा दादा. तीन तास आहेत." मी बसलो. तिची मुलगी दुसऱ्यांदा बसली होती. आम्ही तीन तास साध्या वर्तमानकाळात बोललो. ती रात्री किती वाचते, ही सकाळी किती वाजता उठते, एकीला गणित जड जातं, दुसरीला कशाचं टेन्शन येत नाही.

पेपर सुटल्यावर दोघी बाहेर आल्या. सोपा गेला का, विचारलं तर जुबेदाताई म्हणाल्या, "बरा होता. ओळखीच्या माणसावर दहा ओळी आल्या होत्या. मी कशिशवर लिहिलं." मोहिनीला विचारलं तर ती म्हणाली, "लिहिलं कोणावर तरी," आणि उसाच्या रसाच्या गाडीकडे चालायला लागली.

निकाल लागला तेव्हा दोघी पास होत्या. जुबेदाताईंना इंग्रजीत छप्पन्न, मोहिनीला एकोणपन्नास. अतिकभाईंनी, म्हणजे जुबेदाताईंच्या यजमानांनी, कॉलनीत पेढे वाटले. धनसिंगभाऊंनी एक पेढा तोंडात टाकून सांगितलं की हा सकाळच्या बातम्यांचा परिणाम आहे. संध्याकाळी सगळे गॅलरीत जमले होते. कशिशनं विचारलं, "काकू, आता तरी सांगा. दहा ओळी कोणावर लिहिल्या?"

मोहिनीनं माझ्याकडे बघितलं नाही. तोंडपाठ होत्या तिच्या. तिनं त्या इंग्रजीत सावकाश म्हटल्या. माझा नवरा निवृत्त आहे. तो पहाटे उठतो. तो फार बोलतो. तो चहा करतो आणि साखर विसरतो. तो चुकीच्या शाळेत जातो. इथे सगळे हसले. मीही हसलो. शेवटची ओळ होती, 'ही वेट्स आउटसाइड.' तो बाहेर थांबतो.

"काकू, इथे चुकलं!" कशिश म्हणाली. "तुम्ही पेपर लिहीत होतात आणि नाना त्या वेळी गेटवर होते. म्हणजे चालू वर्तमानकाळ. ही इज वेटिंग. एक मार्क गेला बघा तुमचा."

"मले माहीत व्हतं," मोहिनी म्हणाली. ती रागावलेली नव्हती. "दोन्ही लिहून बघितलं, कच्च्या कागदावर. मग 'इज वेटिंग' खोडलं. थांबी राहिना म्हणजे आज, गेटवर. पेपर सुटला की संपलं." तिनं पेढ्याचा कागद घडी करून बाजूला ठेवला.

"'थांबी राहिना' नई, पोरी. 'थांबस'."

मानाचं 'थांबतस' नव्हे, एकवचनी 'थांबस'. तीस वर्षांत तिनं मला पहिल्यांदाच 'तो' म्हटलं होतं, तेही शेजाऱ्यांसमोर. मी उठून चहा ठेवायला आत गेलो.